हातमोज्यातलं जावळ

"आज आपल्या कानिफची पट्टी काढायची हं," नीलांबरी सिस्टर जाता जाता म्हणाल्या. म्हणजे किती सहज, तर 'आज पोहे केलेत हं' म्हणावं इतकं सहज. आणि सत्यशीलाच्या हातातलं थर्मासचं झाकण सुटलं. स्टीलचं झाकण ते, फरशीवर त्याचा असा काही दणदणाट झाला की वॉर्डातली सगळी माणसं वळून बघायला लागली, आणि झाकण मात्र मजेत गिरक्या घेत कानिफच्या खाटेखाली जाऊन भिंतीला टेकलं. ती ओणवी झाली, मग गुडघ्यांवर आली, मग सरळ खाटेखालीच शिरली. खाली वेगळंच जग होतं. फिनेलचा वास, गंजलेली चाकं, आईच्या चपला, पाण्याची बाटली आणि तिचं शाळेचं दप्तर. झाकण केव्हाच हाताला लागलं होतं, तरी तिला बाहेर यावंसं वाटेना. तिनं दप्तराच्या पुढच्या कप्प्यावर तळवा ठेवला. होतं. मऊ, फुगलेलं, पाच बोटांचं. कापडाच्या आतून कुणीतरी आपला हात हातात घेतल्यासारखं वाटलं, तशी तिनं तो झटकन मागं ओढला. वरून खाट करकरली आणि आवाज आला, "ताई, तू लपली का? मी राज्य घेऊ?" "नको रे बाबा," ती खालूनच म्हणाली, "तू हलू नको. मीच आउट." आणि तिचं तिलाच हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले. हल्ली हे तिचं असंच चाललं होतं. हसू आणि रडू यांच्यामधला दरवाजा कुणीतरी काढूनच नेला होता.

कप्प्यात कानिफचे केस होते. सगळे. जन्मल्यापासून त्याच्या डोक्याला वस्तरा, कात्री, काहीही लागलं नव्हतं, कारण त्याचं जावळ मढीचं होतं. पप्पांच्या घरात मुलगा झाला की त्याचं पहिलं जावळ पाचव्या वर्षी मढीला, कानिफनाथांच्या गडावर, मामाच्या मांडीवर बसवून काढायचं. पप्पांचं तसं निघालं, आजोबांचं तसं निघालं. हा तर किती नवससायासांनी झालेला, म्हणून नावसुद्धा देवाचंच ठेवलं. त्यामुळे कानिफचे केस वाढत वाढत कमरेशी आले. आई रोज सकाळी त्याच्या दोन वेण्या घालायची, लाल रिबिनी लावून, आणि सत्यशीलाची एक वेणी घालायची राहून जायची. सावेडीच्या भाजीबाजारात बायका त्याचा गाल ओढून म्हणायच्या, किती गोड मुलगी आहे हो! मग हा कमरेवर हात ठेवून "मी मुलगा हाय!" म्हणून ओरडायचा, आणि त्यांचा विश्वास बसला नाही तर पुरावा दाखवायला चड्डीला हात घालायचा. भाजीवाल्या पोट धरधरून हसायच्या. रात्री झोपताना उजवी वेणी मुठीत. मूठ रिकामी असली की झोप नाही. दुसऱ्यांची मुलं अंगठा चोखतात, आमच्याकडं वेणी धरतात, असं ती शाळेत मैत्रिणींना सांगायची. आणि आता इथं, या लोखंडी खाटेवर, तो तिची वेणी धरून झोपत होता. ती खुर्चीत बसून मान वाकडी करून त्याच्या उशीशी डोकं टेकवायची. मानेला रग लागायची. लागू दे. आख्खं आयुष्य अशी मान वाकडी राहिली असती तरी तिनं तक्रार केली नसती, इतका तिला त्या मुठीतल्या ओढीचा आनंद होता. त्या ओढीचा अर्थ एवढाच होता की पलीकडच्या टोकाला कुणीतरी आहे.

नसतं तर, हा विचार मात्र ती अर्ध्यावर सोडून द्यायची. घराच्या जिन्याला अजून कठडा बसायचा होता. गवंडी उद्या येतो, परवा येतो करत होता. ती शाळेतून आली, दप्तर पाठीवरच होतं, आणि जिन्याखाली आई बसली होती, आणि आईच्या मांडीवर कानिफ झोपल्यासारखा. एक वेणी सुटलेली. रक्त फार नव्हतं, कानामागं थोडंसं. पण तो अर्धवट डोळे उघडे ठेवून तिच्याकडं बघत होता आणि तिला ओळखत नव्हता. ते न ओळखणं! मग रिक्षा. दिल्ली गेटजवळ तुंबलेल्या गर्दीतून हॉर्नवरचा अंगठा न काढता त्या रिक्षावाल्यानं वाट कशी काढली, ते त्यालाच माहीत. मग दवाखाना, मग मशीनच्या पोटात जाऊन आलेला कानिफ, आणि मग डॉक्टर. तरुण होते, घाईत होते, पण आईशी बोलताना खाली वाकून बोलले. "ताई, बाळाच्या डोक्यात, कवटीच्या आत रक्त साचतंय. आत्ताच्या आत्ता काढावं लागेल. केस पूर्ण काढू, म्हणजे जंतूंची भीती नको." आईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. ती भिंतीकडं बघून म्हणाली, "त्याचं जावळ मढीचं हाय." डॉक्टरांना कळलं नाही, ते म्हणाले, काय? आई पुन्हा भिंतीलाच म्हणाली, "मढीचं हाय. पाचव्याला काढायचं हाय." जणू एवढं कळल्यावर डॉक्टर म्हणणार होते, असं का, मग राहू द्या. पप्पा एमआयडीसीतून निघाले होते, पोचले नव्हते. डॉक्टरांनी घड्याळाकडं बघितलं. आणि त्या सगळ्या पांढऱ्या उजेडात एक आवाज आला, खणखणीत, "काढा सर. मी धरते त्याला." तो आपलाच आवाज होता हे सत्यशीलाला थोडं उशिरानं कळलं.

तो आवाज तिला नवीन होता. शाळेतल्या कार्यक्रमांत आभार मानायचं काम कायम सत्यशीलाकडं. का, तर आभाराला कुणी थांबतच नाही. पाहुण्यांचं भाषण संपलं की बाई चपला शोधायला लागतात आणि मुलं वड्याच्या वासावर जातात. लाजाळू मुलगी, पुटपुटली काय आणि न पुटपुटली काय. दोन वर्षं ती कागदात नाक खुपसून आभार मानत आली. आणि या वर्षी स्नेहसंमेलनात कुणास ठाऊक काय झालं, माईकसमोर गेली आणि तिनं कागद घडी करून खिशात घातला. "थांबा!" म्हणाली. "वडे कुठं पळून जात नाहीत. ज्यांनी तळले त्या मावशींचं नाव तर ऐकून जा!" सगळं पटांगण हसलं आणि थांबलं. अध्यक्षसुद्धा उठता उठता बसले. त्या दिवसापासून सत्यशीला पूर्वीसारखी खाली मान घालून चालेनाशीच झाली. तिला वाटायचं, आपल्या गळ्यात एक घंटा आहे, हलवली की वाजते. पण दवाखान्यात तीच घंटा वाजली आणि जिच्या होकाराची डॉक्टर वाट बघत होते ती आई गप्पच राहिली, आणि आपण, नववीतली मुलगी, देवाच्या मालकीचे केस 'काढा' म्हणून मोकळे झालो.

कानिफ कुणाला हात लावू देईना. शुद्धीत नव्हता तरी हात झाडत होता. "तू बस वर," सिस्टर म्हणाल्या, "मांडीवर घे डोकं, हलू देऊ नको." ती स्ट्रेचरवर चढून बसली, शाळेच्या निळ्या स्कर्टवर त्याचं डोकं. मशीन सुरू झालं, गुरर्र, एखादा मोठा भुंगा कुठंतरी जवळ यावा तसं. पहिली बट तिच्या गुडघ्यावर पडली. मग भराभर, लांबच लांब, खोबरेल तेलाचा आणि धुळीचा वास असलेले केस, लाल रिबिनीसकट. त्याखालून निघालेलं डोकं किती लहान होतं! इतकं लहान डोकं आणि त्यात सगळा कानिफ! तो वास अजून तिच्या स्कर्टला होता, स्कर्ट दोनदा धुतला तरी. त्याला आत नेलं आणि ती तिथंच उभी राहिली. लंकाबाई मावशी झाडू घेऊन आल्या. केस कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायला लागल्या, तशी ती आडवी आली. "मावशी, नका टाकू. देवाचे आहेत." लंकाबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं. "ह्ये असं देता येत न्हाई गं पोरी." असं म्हणाल्या आणि खोक्यातून एक कोरा रबरी हातमोजा ओढला, त्यात सगळे केस कोंबले, बोटाबोटांत भरले, मनगटाशी गाठ मारली, फुगा बांधतात तशी. तिच्या हातात दिला, आणि मग त्या फुगलेल्या हाताला दोन्ही हात जोडून "नाथा, लेकराला बघ," म्हणाल्या. त्या बाहेर पडल्या, दार अजून हलत होतं. तेव्हा सत्यशीलाला आठवलं, आपण त्यांचे आभार मानले नाहीत.

इथवर सगळं ठीक होतं. म्हणजे ठीक कसलं, पण इथवर तिला स्वतःची लाज वाटत नव्हती. त्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर बाहेर येऊन मान हलवून हसले, पप्पा तिथंच फरशीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले, आणि मग आजीचा फोन आला. आजी म्हणजे गोजरबाई, पप्पांची आई, तिकडं करंजीच्या घाटापलीकडं गावाकडं एकटी राहणारी. आईनं मोबाईल तिच्यापुढं धरला. "आत्याबाईंना काय सांगू मी? तू घे." तिनं घेतला. तिला वाटलं, आजी आता रडेल, कसा हाय गं माझा कानिफ म्हणेल. पलीकडं नुसता श्वास होता. मग आजी म्हणाली, "केसाला हात न्हाई ना लावला कुनी?" एवढंच. सत्यशीलाच्या कानात ऊन ऊन काहीतरी शिरलं. नातू तिकडं डोक्याला नळी लावून पडलाय आणि ही केसांचं विचारते! आणि त्या रागातच तिच्या तोंडून निघालं, "न्हाई आजी. केस हायत तसेच हायत." "बरं," आजी म्हणाली, आणि फोन ठेवला. आईनं ऐकलं. नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्या हातानं ते खोटं दोघींचं झालं. सत्यशीला नाव आजोबांनी ठेवलेलं. आजोबा वारले तेव्हा ती रांगत होती, नाहीतर तिनं त्यांना विचारलं असतं, एवढं जड नाव कशाला ठेवलंत हो?

त्यानंतर आजी रोज फोन करायची, पण केसांचं पुन्हा काढलं नाही. खाल्लं का, शी झाली का, एवढंच. ती दवाखान्यातही आली नाही. "तुमी तिथं बसा, मी हितं बसते," म्हणाली. देव्हाऱ्यापुढं समई लावून ठेवली होती, पट्टी निघेपर्यंत ती विझू द्यायची नव्हती. इकडं कानिफ एक एक करून परत येत होता. आधी नजर आली, म्हणजे ओळख आली. मग "पाणी" आलं. मग बिस्किट चहात बुडवून, ते पडेपर्यंत बुडवून, पडल्यावर भोकाड पसरणं आलं, आणि त्या भोकाडानं आई इतकी खुश झाली की तिनं शेजारच्या खाटांवर साखर वाटली. सत्यशीला खुर्चीत बसून मनातल्या मनात आभाराचं भाषण तयार करायची. रिक्षावाला, डॉक्टर, रक्ताची बाटली दिलेला अनोळखी माणूस, नीलांबरी सिस्टर, सलाइनचा खिळखिळा स्टँड, सकाळी सातव्या खाटेपासून सरकत सरकत कानिफच्या पायांवर येणारं ऊन. सगळ्यांना घ्यायचं. पण सुरुवात कुणापासून करायची तेच ठरेना. डॉक्टर आधी की देव आधी? देव आधी म्हणावं तर त्याचीच वस्तू दप्तरात लपवलेली. नाव घ्यायला गेलं की ते रबरी बोट तिच्याकडं रोखलं जायचं. मग ती भाषण अर्ध्यावर सोडायची आणि मनात म्हणायची, रागवायचं तर माझ्यावर रागव, नाथा. मी काढा म्हटलं. मीच खोटं बोलले. त्याला दिलेलं परत घेऊ नको. तिच्या वर्गातली कुणी असं बोलताना ऐकली असती तर ती खो खो हसली असती. पण ही खाट तिच्या वर्गापासून फार लांब होती.

"ताई, झाकण सापडलं का?" ती खाटेखालून बाहेर आली. गुडघ्यांना धूळ, केसांना जळमट. कानिफ उशीला टेकून बसला होता. डोक्याला पांढरी पट्टी, मुंडासं बांधल्यासारखी. "ताई, तू म्हातारी झाली," त्यानं जळमटाकडं बोट दाखवलं. तेवढ्यात आई डबा घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावरूनच सत्यशीलाला कळलं. "सिस्टरांनी पप्पांना कालच सांगितलेलं पट्टीचं," आई पुटपुटली, "आणि पप्पांनी गावाकडं फोन केला. आत्याबाई निघाल्यात. बन्सीमामा माळीवाडा स्टँडवरून घेऊन येतोय त्यांना." "आत्ता?" "पोचतच असतील." आईनं डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "मी सांगते," आई म्हणाली, "मीच खोटं बोलले म्हणते. तू लहान आहेस." "नाही," सत्यशीला म्हणाली. घंटा वाजली नाही, नुसता शब्द निघाला. तिनं दप्तर ओढून पायांशी घेतलं. आजीचा चेहरा कसा होईल ते तिला दिसायला लागलं. चार वर्षं न चुकता तेल पाठवणारी आजी. घाण्यावरचं खोबरेल, बाटलीला कापडाचं बूच, 'जावळाला लावा' म्हणून. तिच्या त्या सुरकुत्यांमधून आतलं काहीतरी खाली उतरून जाईल, आणि समई तिकडं चालू असेल, उगीचच.

आधी पेरूंचा वास आला, मग बन्सीमामा. मामाचा पुणतांब्याला पेरूचा बाग, टेम्पोत बसला की माणूससुद्धा पेरूसारखा घमघमायचा. इस्त्रीची पांढरी पँट, कपाळाला बुक्का, आणि आवाज असा की सातव्या खाटेवरचं बाळ जागं झालं. "काय भाचं! पट्टी बांधून पाटील झाला व्हय रं?" "मामा, पेरू!" "आनलेत. पन बिया काढून खायाचे. तुझा डाक्टर मला म्हनला, तुला दात न्हाईत." "खोटं! दात हायत!" आणि मामामागून आजी. छोटीशी, हिरव्या लुगड्यातली, हातात पिशवी. घाट उतरून आलेली, एसटीत उभी राहून आलेली असणार. ती आली आणि खाटेशी थांबली, कानिफला हात लावला नाही. नुसतं बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत आणि परत. "आजी, तू रडती का?" "न्हाई रं. डोळ्यात धूळ गेली." "मामाचा टेम्पो घान हाय," कानिफनं निकाल दिला. मामा म्हणाला, "ऐकलं का, पोरगं कोर्टात लावा, न्यायाधीश व्हईल." सगळे हसले. सत्यशीलाला हसताना ओठ फक्त ताणता आले. नीलांबरी सिस्टर ट्रे घेऊन आल्या, कात्री, कापूस, तपकिरी औषध. "गर्दी थोडी मागं घ्या हं." कुणी मागं सरकलं नाही.

पट्टीचा एक एक वेढा निघायला लागला. सत्यशीलाला वाटलं, ही संपूच नये, एवढ्याशा डोक्याभोवती अजून मैलभर कापड निघत राहावं. पण निघालं. शेवटचा कापूस उचलला आणि कानिफचं डोकं उघडं पडलं. टक्कल, त्यावर नुकतीच फुटलेली काळी बारीक लव, आणि कानाच्या वरून मागंपर्यंत गेलेली टाक्यांची वाट, मुंग्यांची रांग असावी तशी. वॉर्ड आपला वॉर्डसारखाच आवाज करत राहिला. बन्सीमामाच्या हातातला पेरू हातातच राहिला. आईनं डोळे मिटले. आजी बघत होती.

"आजी, मी खोटं बोलले," सत्यशीला म्हणाली. खणखणीत वगैरे काही नाही, चिरकला आवाज. "सगळे काढले केस. मी काढा म्हटलं. आई नाही, मी म्हटलं. आणि तुला फोनवर हायत म्हणाले."

आजी तिच्याकडं वळली. "व्हय? आन् मला काय कळलं न्हाई?" ती म्हणाली. "डोकं उघडायचं आन् केस तसंच ठिवायचं, आसं कुठलं डाक्टर करतं गं? मी काय येडी हाय?"

"मग विचारलंस कशाला?" ते जुनं ऊन ऊन पुन्हा कानाशी आलं. "त्याचं काहीच विचारलं नाहीस. नुसते केस!"

आजीनं पिशवी खाटेवर ठेवली. तिची हनुवटी हलली आणि थांबली. "पोरगं हाय का न्हाई, ते इचारायचं हुतं गं माझ्या बाई. जीभच उचलंना. ते इचारलं आन् तू न्हाई म्हनलीस तर? म्हनून केसाचं इचारलं. तू म्हनलीस, हायत. खोटं बोलली ते मला लगीच कळलं, आन् मी खाली बसले. म्हनलं, पोरगं हाय! गेलेल्या लेकराच्या केसापायी कोन खोटं बोलंल?" ती सत्यशीलाचा हात चाचपत होती, कोपरापासून खाली, हाड मोजत असल्यासारखी. "तुझ्या त्या खोट्यावर म्या रात काढली. समईत तेल घातलं ते त्याच्यावर."

सत्यशीलाच्या आत कुठंतरी गच्च लागलेलं एक दार होतं, ते बाहेरच्या बाजूला उघडलं. इतके दिवस ती ते आत ओढत होती. तिला वाटलं आता रडू येईल, पण आलं हसू, आणि नाकातून पाणी, आणि आईचं तर दोन्ही. तिनं दप्तर उघडलं आणि तो फुगलेला हात काढून आजीपुढं धरला. "टाकले नाहीत. एकसुद्धा नाही. रिबीनपण आहे."

"आरारारा," बन्सीमामा पुढं वाकला, "ह्ये काय गं? मला वाटलं गाईची कास!" नीलांबरी सिस्टरांनी तोंडावर फाइल धरली. आजीनं मात्र तो हात दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि पिशवीत नारळाशेजारी ठेवला. "मढीला मीच नेते. आन् जावळ काढताना पोरगं कुनाच्या मांडीवर हुतं?" सत्यशीलाला वाटलं, आता हेही राहिलंय. मामाची मांडी. चार वर्षं मामा प्रत्येक लग्नात सांगत फिरला होता की गडावर पहिला मान माझा. ती मामाकडं न बघता म्हणाली, "माझ्या."

आजीनं पिशवीत हात घातला. आधी उपरणं निघालं, मग पांढरी टोपी, कडक, घडीची रेघ असलेली, मढीच्या यात्रेतून जावळाच्या वेळच्या मामाच्या मानासाठी केव्हाच आणून ठेवलेली. बन्सीमामानं ती बघितली आणि केसांवरून हात फिरवून डोकं खाली वाकवलं, मान घ्यायला तयार. आजीचा हात त्याच्या डोक्यावरून तसाच पुढं गेला. "तुमी न्हाई पाव्हनं. तवा तुमी पेरू इकत हुता."

"आवो पन मामा मी हाय!"

"मांडी तिची हुती. ज्याची मांडी त्याचा मान." आणि तिनं ती टोपी सत्यशीलाच्या जळमट लागलेल्या डोक्यावर ठेवली, उपरणं गळ्यात घातलं. टोपी मोठी होती, भुवयांवर आली. "मुलगी कशी मामा होईल, आजी?" सिस्टरांनी विचारलं. "झाली की," आजी म्हणाली, "आता काय इचारता." बन्सीमामा कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तोंड फुगवलं, मग त्याला राहवलं नाही. त्यानं खाली वाकून सत्यशीलाच्या पायाला हात लावला. "नमस्कार मामा. माझी मामाची नोकरी गेली, पन पेरूची तेवढी राहू द्या." ती ओरडली, मामा, उठ, काय हे! आणि आख्खा वॉर्ड हसत होता, सातव्या खाटेवरचं बाळ, त्याची आई, आणि दारात बादली घेऊन उभ्या राहिलेल्या लंकाबाई. आता थांबा, सत्यशीलानं मनात म्हटलं, कुणी जाऊ नका, आभार राहिलेत. लंकाबाईंकडं बघून तिनं टोपीला हात लावला आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाली, "मावशी, तुमचे आभार!" खणखणीत. सुरुवात कुणापासून करायची ते असं आपोआपच ठरलं. "माझं काय त्यात," लंकाबाई म्हणाल्या आणि लाजून बादली उचलून निघून गेल्या.

कानिफ इतका वेळ स्वतःचं डोकं चाचपत होता. एका कानापासून दुसऱ्यापर्यंत, हळूहळू, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा. "माझी वेणी?" "देवानं नेली," आजी म्हणाली. "परत देनार?" "तुझी तुला नवी येईल. शाळेत जायाला बारीक, पाटलावानी." त्यानं ओठ बाहेर काढला. आता भोकाड, असं सगळ्यांना वाटलं. पण त्याचं लक्ष टोपीकडं गेलं. तो बघत राहिला, ताईकडं, मग खऱ्या मामाकडं, मग पुन्हा ताईकडं. औषधाची गुंगी त्याच्या डोळ्यांत उतरायला लागली होती. पायांवरचं ऊन एव्हाना पोटापर्यंत सरकलं होतं. तो उशीवर आडवा झाला, तिच्याकडं कूस वळवली आणि रिकामी मूठ पुढं केली.

"मामा," तो म्हणाला, "वेणी दे."

तिनं टोपी धरली आणि मान वाकडी केली.